मुलांची भीती आणि मोठ्यांची जबाबदारी



एखाद्या गावात भीषण अत्याचार घडला की काही दिवस त्या गावचे रस्ते मोटारींनी भरून जातात. पोलीस येतात, पंचनामे होतात, मंत्री येतात, विरोधी पक्षांचे पुढारी येतात, मागोमाग कॅमेरे येतात. निषेधाचे ठराव होतात, बंद पुकारले जातात, मोर्चे निघतात. पीडित कुटुंबाचे सांत्वन करणे, तपास नीट होतो की नाही यावर नजर ठेवणे, सरकारला जाब विचारणे हे सारे आवश्यकच असते. परंतु या साऱ्या धावपळीत गावातला एक वर्ग असा असतो की ज्याची विचारपूस करण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. तो वर्ग म्हणजे त्या गावची मुले. ती दाराआडून सारे पाहत असतात, ओट्यावरच्या गप्पा कान देऊन ऐकत असतात, हातोहात फिरणाऱ्या मोबाइलवरची चित्रे चोरून बघत असतात. मोठी माणसे त्यांना सांगतात, ‘तुम्हांला यातले काही कळत नाही, आत जा.’ मुले आत जातात. भीतीही त्यांच्याबरोबर आत जाते.

या भीतीचे पुढे काय होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता हा प्रश्न बालमानसशास्त्राचा वाटेल आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर तो कशासाठी, असेही कोणी विचारील. वस्तुतः तो जितका मानसशास्त्राचा आहे तितकाच समाजकारणाचा आहे. ज्या भीतीचे मूळ सार्वजनिक घटनेत आहे, तिचा उपायही काही प्रमाणात सार्वजनिकच असावा लागतो.

दोन गावे, दोन निकाल

आज अहिल्यानगर असे नाव धारण करणारा हा जिल्हा सहकाराचा जिल्हा म्हणून देशाला ठाऊक आहे. प्रवरानगरचा कारखाना येथलाच. पण याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, पावसाच्या आशेवर जगणाऱ्या जामखेड आणि कर्जत या शेजारशेजारच्या तालुक्यांत, सव्वादोन वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. त्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली.

२८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण समाजातील एका मुलीशी तो बोलतो, एवढे कारण त्यासाठी पुरेसे ठरले, असा आरोप होता. फिर्यादीनुसार, शाळेच्या आवारातूनच त्याला मारहाण करीत नेण्यात आले होते. दुसरी घटना कर्जत तालुक्यातील कोपर्डीची. १३ जुलै २०१६ रोजी, आषाढी एकादशी दोन दिवसांवर आलेली असताना, नववीत शिकणाऱ्या मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. घरच्या साध्या कामासाठी आजोबांच्या घरी सायकलवरून गेलेली ती मुलगी परत आली नाही.

दोन्ही बळी शाळकरी वयाचे होते. दोन्ही ठिकाणी शाळेचे आवार किंवा गावातला रोजचा रस्ता हीच भयाची जागा ठरली. मोठ्या माणसाच्या मनात अशी घटना ‘बातमी’ म्हणून शिरते. पण मुलाच्या मनात ती ‘जागा’ म्हणून शिरते. ते झाड, ते वळण, ते ओढ्याकाठचे शेत, तो वर्ग. त्या जागेवरून उद्या सकाळी दप्तर घेऊन त्याला पुन्हा जायचे असते.

न्यायालयीन निकालांची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. नगरच्या न्यायालयात १८ नोव्हेंबर २०१७ रोजी कोपर्डी खटल्यातील तिघे आरोपी दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. या दोन तारखांच्या मध्ये, २३ नोव्हेंबरला, त्याच शहरात खर्डा खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्यांत शाळेशी संबंधित माणसेही होती. एका पंधरवड्यात एकाच जिल्ह्यातल्या मुलांना दोन धडे मिळाले. एका वस्तीतल्या मुलांनी ऐकले की गुन्हा करणाऱ्यांना शिक्षा होते. दुसऱ्या वस्तीतल्या मुलांनी ऐकले की भर दिवसा, शाळेच्या परिसरात जे घडले म्हणतात ते कोणी पाहिलेच नव्हते. पुस्तकातला नागरिकशास्त्राचा धडा यापुढे किती टिकणार?

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मुलांच्या भीतीचे मोजमाप केवळ घटनेच्या क्रौर्यावरून होत नाही. घटनेनंतर मोठी माणसे काय बोलली, काय लपवले, कोणाच्या बाजूने उभी राहिली आणि शेवटी न्याय झाला की नाही, या सर्वांतून ती भीती घडत जाते किंवा ओसरत जाते.

भीतीची भाषा

मूल ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच म्हणते. ते दुसऱ्या भाषेत बोलते आणि ती भाषा वाचता आली पाहिजे. चारपाच वर्षांचे मूल आईच्या पदराला चिकटून राहते. सुटलेली सवय पुन्हा लागून अंथरूण ओले करते. दिवा मालवू देत नाही. सातआठ वर्षांच्या मुलाचे नेमके शाळेच्या वेळी पोट दुखते. ते तोच तो खेळ पुन्हा पुन्हा खेळते: कोणी चोर होतो, कोणी पोलीस, कोणी मेल्याचे सोंग घेऊन पडतो. घरचे लोक चिडून तो खेळ मोडतात. पण तो खेळ म्हणजे मुलाने स्वतःच शोधलेला उपचार असतो. जे आवाक्याबाहेर गेले होते त्याला ते आपल्या हाताने आवाक्यात आणू पाहत असते. हा खेळ दिवसेंदिवस तसाच चालू राहिला, त्यातून मूल अधिकच घाबरे होऊ लागले, किंवा ते दुसऱ्याला इजा करू लागले, तरच काळजी करावी.

तेराचौदा वर्षांची मुले आणखी अवघड असतात. ती गप्प होतात, एकाएकी चिडतात, अभ्यासातून मन काढून घेतात. या वयात भीतीबरोबर अपराधाची भावनाही येते. ‘त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले असते तर?’ ‘मी पाहत होतो, मी ओरडलो का नाही?’ असले प्रश्न मुलगा किंवा मुलगी मनात घोळवीत राहते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. अशा मुलाला एवढेच स्पष्ट शब्दांत सांगावे लागते की जे झाले त्याचा दोष करणाऱ्याचा आहे. पाहणाऱ्या मुलाचा नाही, वाचलेल्या मुलीचा नाही आणि जी गेली तिचा तर मुळीच नाही.

बहुतेक मुलांच्या बाबतीत ही लक्षणे काही आठवड्यांत कमी होत जातात. घरचा धीर आणि रोजचा क्रम एवढे त्यांना पुरते. महिना उलटूनही झोप, भूक, शाळा यांची घडी बसत नसेल, मूल स्वतःला इजा करण्याची भाषा करीत असेल, तर मात्र जाणकाराकडे नेण्यास विलंब करू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते; २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे; संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. हे आकडे कार्यकर्त्याच्या वहीत पहिल्या पानावर असावेत.

ग्रामीण घरांत मूल दचकू लागले की दृष्ट काढतात, अंगारा लावतात. आईचा हात मुलाच्या तोंडावरून फिरतो, तेवढ्याने मुलाला बरे वाटते, हे खरे आहे. त्यासाठी त्या माऊलीला हिणवण्याचे कारण नाही. पण प्रकरण तेथून भगताकडे, ‘बाहेरचे झाले’ म्हणून उतारे आणि चटके यांच्याकडे वळले, तर तेथे कार्यकर्त्याने आडवे झालेच पाहिजे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांना गुन्हा ठरविले आहे. घाबरलेल्या मुलाला आणखी घाबरविणे हा उपाय असूच शकत नाही.

भीती वापरण्याची सवय

येथे आपल्या एका जुन्या सवयीचा विचार करणे प्राप्त आहे. मराठी घरात मूल वाढते तेच बागुलबुवाच्या धाकात. जेवत नाही, बुवाला बोलाव. रडतो, पोलिसाच्या ताब्यात देऊ. झोपत नाही, झोळीवाला येईल. भीती हे मुलाला वळण लावण्याचे स्वस्त साधन आहे, अशी समजूत घरोघर आहे. आणि ती गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी असा भेद करीत नाही. एरवी त्या धाकाचे फारसे काही बिघडत नाही असे वाटते. पण गावात खरोखरच कोणी मुलाला मारले असेल, तेव्हा हेच शब्द विषारी होतात. ‘बाहेर गेलीस तर तुझीही तशीच गत होईल’ हे वाक्य काळजीपोटी उच्चारले जाते, पण ते एखादे वर्ष नव्हे, जन्मभर कानात राहते. आणि पोलिसाचा बागुलबुवा करून ठेवल्यावर, संकटात सापडलेले मूल पोलिसाकडे धाव कशी घेणार?

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘भित्रा’ म्हणून हिणवणे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला जाण्यास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिमटीने मारून विहिरीवर पाठवते, हा प्रसंग घरोघर सांगितला जातो आणि त्याचा दाखला देऊन मुलांना दटावलेही जाते. पण विहिरीवर श्याम एकटा नव्हता. पाण्यात उतरून त्याला सांभाळणारी जाणती माणसे तेथे होती. पाणी वैरी नव्हते, शिकण्याची गोष्ट होती. आणि मुलगा परतल्यावर त्याला जवळ घेणारी आईही तीच होती. हे सारे वगळून शिमटी तेवढी उचलणारे लोक साने गुरुजींना समजलेले नसतात. माणसांनी माणसावर केलेल्या क्रौर्याची भीती ही पोहण्याच्या भीतीसारखी नाही. ती बाळगणारे मूल भित्रे नसते. त्याने जगाबद्दल एक खरी गोष्ट वेळेआधी जाणलेली असते.

म्हणून पहिले कर्तव्य खरे बोलण्याचे. जिल्ह्याच्या उत्तरेकडील ऊसपट्ट्यात, अकोले, संगमनेर, राहुरीकडे, बिबट्या उसात राहतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तेथे मुलाला ‘बिबट्याबिबट्या काही नाही’ असे सांगणारा बाप मुलाच्या नजरेतून उतरतो. जो बाप सांगतो की ‘बिबट्या आहे, म्हणून अंधारात एकटे जायचे नाही, मोठ्याने बोलत चौघांनी मिळून जायचे, मी फाट्यापर्यंत बॅटरी घेऊन येईन,’ त्या बापाच्या मुलाची भीती नाहीशी होत नाही, पण तिला कडा येतात. कडा आलेली भीती सोसता येते. माणसांनी केलेल्या अत्याचारानंतरही हाच नियम आहे. काय झाले ते थोडक्यात, वयाला झेपेल एवढे, खोटे न मिसळता सांगावे. तपशिलांची चर्वितचर्वणे करू नयेत. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि न विचारलेल्याचे व्याख्यान देऊ नये. प्रेताची छायाचित्रे आणि मारहाणीची दृश्ये मोबाइलवरून फिरविणारा माणूस, तो कितीही निषेधाच्या भाषेत फिरवीत असो, मुलांच्या दृष्टीने त्या अत्याचाराची पुनरावृत्तीच करीत असतो.

दुसरे कर्तव्य जवळ राहण्याचे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी शिशुगृहे चालविली. त्यांनी जे पाहिले ते त्या काळी अनेकांना नवल वाटावे असे होते: बाँबच्या धमाक्यापेक्षाही आईपासून झालेली ताटातूट मुलांना अधिक खचविते, आणि आई स्वतः शांत असली की तळघरातले मूलही झोपी जाते. नगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागाला हा सिद्धांत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तेथील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले एक तर फडावरच्या पालात राहतात, नाही तर गावी म्हाताऱ्या आजीपाशी. अशा गावात काही भयंकर घडले की रात्री ज्याच्या कुशीत शिरावे तो माणूस शेकडो मैल दूर असतो. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर आणि नीट चालावीत ही मागणी शिक्षणाची आहेच. ती मुलांच्या निर्भयतेचीही आहे.

भीतीची किंमत मुलगी देते

कोपर्डीनंतर कर्जत तालुक्यातील आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: मुलीला शाळेत पाठवायचे कसे? सातवीआठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी, वाट शेतातून, एस.टी.च्या वेळा बेभरवशाच्या. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे मुलीला घरी बसविणे. आणि घरी बसलेल्या मुलीबाबत त्याहून सोपा उपाय म्हणजे तिचे लग्न उरकून टाकणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली होती. या बालविवाहांमागे गरिबी आहे, हुंडा आहे, स्थलांतर आहे. पण ‘पोरगी सांभाळायची कशी’ ही भीतीही आहे. गुन्हा पुरुष करतो आणि त्याची शिक्षा म्हणून गावातल्या साऱ्या मुलींच्या शिक्षणावर जप्ती येते.

म्हणून मुलीची भीती घालविण्याचा विचार करताना तिच्या मनाआधी तिच्या वाटेचा विचार करावा. शाळा सुटण्याच्या वेळेला जुळणारी एस.टी. आहे काय? फाट्यावर दिवा आहे काय? दारूचा गुत्ता वाटेवर आहे काय? शाळेत मुलींसाठी दार लागणारे स्वच्छतागृह आहे काय? अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने मुलींना एस.टी.चा मोफत पास देण्याची योजना राज्यात आहे, आणि अहिल्यादेवींचे चौंडी हे जन्मगाव याच जामखेड तालुक्यात आहे. पण पास हातात असून बसच येत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? मुलीला मानसिक धीर देणाऱ्या दहा भाषणांपेक्षा वेळेवर येणारी एक बस अधिक धीर देते. कार्यकर्त्यांनी आगारप्रमुखाच्या टेबलासमोर तासभर बसणे हे या कामी खरे समुपदेशन होय.

मुलींनी कराटे शिकावे, हा उपाय हल्ली फार सुचविला जातो. शिकाव्यात, शरीर कणखर होते, चालण्यात डौल येतो. पण त्यातून असा अर्थ निघू नये की प्रतिकार करता आला नाही हा मुलीचाच दुबळेपणा. आणि मुलग्यांच्या वर्गात काय बोलायचे ते कोणी ठरवीतच नाही. भीती मुलींना वाटते म्हणून शिबिर मुलींचे, असा हिशेब चालतो. ज्यांच्यामुळे भीती वाटते ते पुरुष आभाळातून पडत नाहीत, त्याच बाकांवरून उठून जातात. त्यांच्याशी बोलणे हा मुलींच्या निर्भयतेचाच भाग आहे.

सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते याच नगर शहरात, मिस फॅरार यांच्या शाळेत. पुढे पुण्यात शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल-शेण फेकले गेले, तेव्हा त्या एक लुगडे बरोबर बाळगू लागल्या. हा इतिहास मुलींना सांगताना त्यांच्या धैर्याबरोबर हेही सांगावे की त्यांच्या मागे जोतीराव होते आणि सोबतीला फातिमाबी होत्या. एकटीच्या धैर्यावर समाजाने निश्चिंत राहू नये.

भीतीची जात आणि भीतीचे राजकारण

आता अवघड विषयाकडे वळले पाहिजे. कोपर्डीतील आरोपी दलित समाजातील होते आणि बळी गेलेली मुलगी मराठा समाजातील होती. खर्ड्यात याच्या उलट जातींची मांडणी होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेहून सुरू झालेले मराठा मूक मोर्चे २३ सप्टेंबरला नगरमध्ये पोचले. त्यांची शिस्त आणि मुलींनी पुढे चालण्याची त्यांची पद्धत सर्वांनी वाखाणली. लाखो शेतकरी कुटुंबांचे खरे दुःख त्यांत व्यक्त झाले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच मोर्चांच्या मागण्यांत अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा बदलण्याची मागणी होती. तिच्या प्रत्युत्तरादाखल दुसरे मोर्चे निघाले. आणि त्या काळात गावोगावच्या दलित वस्त्यांतील मुले शाळेत कोणत्या मनःस्थितीत जाऊन बसली असतील, याची चौकशी कोणी केली? ज्यांचा त्या गुन्ह्याशी सुतराम संबंध नव्हता अशा घरांतल्या मुलांनाही वर्गात नजरा झेलाव्या लागल्या असतील, तर ते एका अत्याचाराच्या पोटी जन्मलेले दुसरे दुःख होते.

मराठा मुलीची भीती खरी होती आणि दलित मुलाची भीतीही खरी होती. एकीचा उपयोग दुसऱ्याची भीती नाकारण्यासाठी करणे हे जातीयवादी राजकारणाचे काम. दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम. हे करताना दोन्हीकडून बोल लागतो. वरच्या आळीत ‘हा त्यांचा’ म्हणतात, खालच्या वस्तीत ‘हा आता आला’ म्हणतात. तो बोल सोसण्याची तयारी नसेल तर समतेची भाषा वापरू नये.

१४ मे २०२३ रोजी शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, वाहने आणि दुकाने फोडली गेली. त्याही वेळी हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरांतली मुले दारे लावून आत बसली होती. दंगल शमते, संचारबंदी उठते, बाजार भरतो. पण एका बाकावर बसणारी दोन मुले दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या बाकांवर बसली तर दंगलीचा खरा मुक्काम तेथे पडला, असे समजावे. शिक्षकाने पहिल्या दिवशी हजेरीआधी या बाकांकडे पाहावे. मुलांना एकत्र खेळवावे, एकत्र गाणी म्हणवून घ्यावी, एकत्र जेवू घालावे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर आणि कलापथकात पिढ्यान् पिढ्या जे चालत आले ते हेच होते. त्याला कोणी उपचार म्हटले नाही. तरी जातिधर्माची भीती उतरविण्याचा तो उत्तम उपचार होता.

मुलांना मोर्चात नेण्याविषयीही दोन शब्द. पंधरासोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या इच्छेने निवेदन वाचते, त्यात तिला बळ मिळते. ‘आपण काही करू शकतो’ ही जाणीव भीतीवरचा मोठा उतारा आहे. पण लहानग्यांच्या हाती सूडाचे फलक देऊन त्यांना घोषणा द्यायला लावणे हा त्यांच्या भीतीचा व्यापार होय, मग झेंडा कोणताही असो, आपल्या पक्षाचा असला तरीही.

साक्ष आणि सोबत

कायद्याच्या बाजूने पाहता परिस्थिती कागदावर तरी पूर्वीइतकी वाईट नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने बालकाचे नाव-गाव प्रसिद्ध करण्यास बंदी केली. त्याला न्यायालयात पुन्हा पुन्हा बोलावू नये, साक्षीच्या वेळी आरोपीच्या समोर आणू नये, शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, असे बंधन घातले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये कायद्याचे बळ दिले. शाळाशाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा आदेश राज्य सरकारने २०२२ साली काढला.

पण आदेश निघणे आणि समिती बसणे यांत अंतर असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकार उघडकीला आला तेव्हा ते अंतर साऱ्या महाराष्ट्राला दिसले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरल्यानंतर यंत्रणा हलली. म्हणून तालुक्यातील प्रत्येक शाळेत ही समिती आहे काय, तिच्या बैठका होतात काय, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी पालक म्हणून विचारावेत. प्रश्न साधे आहेत. उत्तरे देताना पुष्कळांची तारांबळ उडेल.

साक्षीचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नाही. मोठी माणसे का फितूर होतात? कोणाची जमीन वाट्याने असते, कोणाची नोकरी संस्थेच्या मर्जीवर असते, कोणाला त्याच गावात मुलगी द्यायची असते. ज्याच्या पोटावर दुसऱ्याचा पाय आहे त्याच्या जिभेवरही तो पाय असतो. पण मुलांना या हिशेबातले काही समजत नाही. त्यांना एवढेच दिसते की गुरुजी खरे बोलायचे टाळतात. ज्या मुलाने हे पाहिले, त्याच्या मनातली भीती कोणत्याही गोळीने जाणार नाही. साक्षीदाराच्या मागे संघटना उभी करणे, तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात जाणे, त्याचे काम सुटले तर दुसरे मिळवून देणे हे जुन्या पद्धतीचे, कष्टाचे, वर्तमानपत्रात न छापून येणारे राजकीय काम आहे. मुलांना निर्भय करण्याचा दुसरा मार्ग नाही.

भूतकाळात चळवळीने हे केलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गाडली गेली. मदतीच्या गाड्या काही महिन्यांत थांबल्या. पण राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. त्या मुलांना भूकंपाविषयी कोणी मोठी तत्त्वे सांगितली म्हणून ती उभी राहिली नाहीत. सकाळी ठरावीक वेळी उठविणारे कोणी होते, ताटात भाकरी होती, शाळा होती, भांडायला सोबती होते, आणि आज आलेला माणूस उद्याही येत होता. घाबरलेल्या मुलाला सर्वांत अधिक हवे असते ते हेच: उद्याही येणारा माणूस.

यातूनच कार्यकर्त्यांसाठी कार्यक्रम निघतो. घटना घडली की पहिल्या आठवड्यात शाळा उघडी राहील असे पाहावे, कारण बंद शाळेइतके भेसूर मुलाला काही वाटत नाही. शिक्षक, अंगणवाडीसेविका आणि आशाताई यांना एकत्र बसवून मुलांशी काय बोलायचे ते ठरवावे. वरच्या आळीतली आणि खालच्या वस्तीतली मुले एकाच मैदानावर रोज तासभर खेळतील अशी योजना करावी. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास, जेव्हा भीती पुन्हा डोके वर काढते, त्या घरांत परत जावे. गळती झालेल्या मुलींची नावे घेऊन दारोदार हिंडावे. आणि खटला संपेपर्यंत साक्षीदारांना एकटे टाकू नये.

निर्भय समाज हे समाजवादाचे ध्येय आहे, असे व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितले जाते. तो समाज आला की नाही हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. खर्ड्याच्या वस्तीतला मुलगा वर्गातल्या कोणत्याही मुलीशी मोकळेपणाने बोलू शकतो काय? कोपर्डीची मुलगी संध्याकाळी एकटी सायकलवरून घरी येऊ शकते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येईपर्यंत या जिल्ह्यातले काम संपलेले नाही.